पाव मैलासाठी दोन टायर

टायरच्या दुकानात प्रश्न मी विचारायची आणि उत्तर आमच्या ह्यांना मिळायचं. जयपूरमधल्या त्या चार महिन्यांत हे इतक्या वेळा घडलं की पुढेपुढे दुकानाची पायरी चढायच्या आधीच मी चिडलेली असे.

साठ सालानंतरची ती पहिली काही वर्षं. हे विमा कंपनीत अधिकारी होते आणि बदली होऊन आम्ही जयपूरला, आदर्श नगरात भाड्याच्या घरात राहत होतो. मोटारीशी ह्यांचा संबंध अपघाताच्या दाव्यांचे कागद तपासण्यापुरता. मी मात्र मोटारींतच वाढले. माझ्या वडिलांच्या प्रवासी वाहतुकीच्या दोन सर्व्हिस मोटारी कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर चालायच्या. शाळेतून आले की दप्तर टाकून मी ट्यूबला पॅच लावायला बसे. सोळाव्या वर्षी वडिलांनी मला स्टिअरिंगवर बसवलं, ते आईला न सांगता.

जयपूरला त्या काळात जुन्या ठिकाण्यांचे, म्हणजे जहागीरदारांचे, मोटारखाने रिकामे होत होते. अशाच एका ठिकाण्यावर दाव्याच्या कामासाठी गेले असताना ह्यांना एक दोन सीटांची इंग्रजी गाडी दिसली. धाकट्या ठाकूरसाहेबांनी विलायतेहून हौसेने आणलेली, आणि मग तशीच उभी राहिलेली. दोनच माणसं बसतात, सुटे भाग मिळत नाहीत, छप्पर कापडाचं. कुणी घ्यायला तयार नव्हतं. हे घरी येऊन सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मी ती बघायला गेले आणि महिन्याभरात ती आमच्या अंगणात आली. शेजारच्या पंजाबी बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, सामान कुठे ठेवता?

त्या दिवाळीनंतर बातमी आली की शहरातले काही मोटारशौकीन आणि दोन-चार फौजी अधिकारी मिळून शर्यत भरवणार आहेत. शहराबाहेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली एक धावपट्टी होती, आता तिथे विमानं उतरत नसत. तिच्यावर दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सुटायचं आणि पाव मैलावरची रेघ आधी कोण ओलांडतो ते बघायचं. गाडी रोजच्या वापरातली हवी, घरून चालवत आणलेली हवी, इंजिनाला हात लावलेला नसावा. चाकं आणि टायर मात्र आपल्या मर्जीचे, फक्त मडगार्डच्या बाहेर यायला नकोत.

हे नियमांचं पत्रक वाचून दाखवत होते आणि मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की मी उतरणार. इंजिन आमचं चांगलं होतं. प्रश्न फक्त खालच्या चार चाकांचा होता, आणि तो मला सहज सुटेल असं वाटलं होतं.

पहिल्या रविवारी सकाळी आम्ही आग्रा रस्त्यावर गेलो. मोकळा रस्ता बघून मी गाडी उभी केली, इंजिन वाढवलं आणि क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, जळक्या रबराचा वास आला आणि गाडी एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी सावकाश उठली. शिवाय सुटताना मागून टक् असा आवाज आला. उतरून बघितलं तर टायरांच्या अंगावर बारीक भेगा पडलेल्या. राजस्थानच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी राहून रबर लाकडासारखं झालं होतं. आणि तो आवाज चाकांचाच. चाकं तारांची होती, सायकलसारखी. दिसायला फार सुंदर, पण आसाच्या टोकावरच्या हबमध्ये ज्या दात्यांवर ती बसायची ते दाते झिजले होते. जोर लागला की चाक आधी हबमध्ये सरकायचं आणि मग फिरायचं.

म्हणजे टायरही बदलायला हवे होते आणि चाकंही. कोणते आणि कुठून, एवढंच राहिलं होतं. त्यातच चार महिने गेले.

मिर्झा इस्माईल रोडवर टायरचं एक मोठं दुकान होतं. मी मालकाला गाडी कोणती, रिम किती इंचाचा, हे सगळं हिंदीत नीट सांगितलं. तो ऐकत होता, पण बघत होता ह्यांच्याकडे. माझं संपल्यावर त्याने ह्यांना विचारलं, साहेब, गाडी कितनी चलती है? ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. मालक समजूतदारपणे हसला आणि त्याने टॅक्सीला घालतात तसले टायर काढून दाखवले. सहा थरांचे, जाड अंगाचे. म्हणाला, हे घाला, तुमची मुलं मोठी होतील पण हे झिजणार नाहीत.

"मला झिजणारेच हवेत," मी म्हणाले. "मऊ रबराचे. पाव मैल टिकले तरी पुरे."

यावर तो ह्यांच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, की घरच्यांची हौस ठीक आहे, पण टायरच्या बाबतीत ऐकू नका.

बाहेर आल्यावर मी घरापर्यंत बोलत होते.

ते टॅक्सीचे टायर मला आणखी एका कारणाने नको होते. ते आमच्या टायरांपेक्षा उंच होते. मी ह्यांना अंगणात सुतळीने दाखवलं. उंच चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं. लांब पल्ल्याला ते बरं, पण उभ्या गाडीला हलवताना इंजिनावर तेवढाच जास्त भार येतो. मला हवा होता थोडा बुटका, रुंद आणि मऊ टायर. ह्यांनी सुतळी दोनदा मोजली आणि म्हणाले, पटतंय. पण पटून उपयोग काय. देशात त्या मापाचे दुसरे टायर बनत नव्हते आणि परदेशातून मागवायचे तर परवाना हवा. परवान्याच्या अर्जात कारणाचा रकाना होता. तिथे काय लिहायचं यावर आमचं भांडण झालं. शेवटी ह्यांनी "दुरुस्ती" असं लिहिलं. त्या अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही.

चाकांसाठी आम्ही मिस्त्रीजींना गाठलं. त्याच ठिकाण्याच्या मोटारखान्यात त्यांनी तीस वर्षं काम केलं होतं आणि आता सोडाला नावाच्या वस्तीत टिनाच्या छपराखाली त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. आमची गाडी त्यांनी ओळखली, बॉनेटवरून हात फिरवला. मला ते बाईसा म्हणायचे आणि माझ्याशीच बोलायचे, त्यामुळे मला ते लगेच आवडले. पण तारांची चाकं काढून साधी पत्र्याची घालायची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ही चाकं म्हणजे गाडीची शान आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढची राहू द्या, मी म्हणाले, पण मागची बदला. शान सुटताना टकटक वाजते. दोन आठवडे ते आज बघतो, उद्या बघतो करत राहिले. मी रोज स्कूटर-रिक्षाने जायची, त्यांच्या खाटेवर बसून चहा प्यायची आणि परत यायची.

शेवटी अजमेर रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे आमच्याच बनावटीची एक चेपलेली गाडी सापडली. तिची चाकं पत्र्याची होती आणि हबही त्याला जुळणारे. मिस्त्रीजींनी चारही चाकं आणली. मी एकेक आसावर चढवून फिरवलं आणि कडेला खडू धरला. सरळ चाकावर खडूची रेघ सगळीकडून सारखी उमटते, वाकड्यावर एकाच बाजूला. दोन चाकं वाकडी निघाली, दोन सरळ. दोनच हवी होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की काम पुढे सरकतंय.

मग रबर चढवणारा. जुन्या टायरवर नवा थर चढवून देणारा एक कारागीर चांदपोल दरवाज्याच्या बाहेर बसायचा. मी त्याला मऊ रबर सांगितलं, तीन वेळा सांगितलं, ह्यांनाही सांगायला लावलं. तो प्रत्येक वेळी हो म्हणाला. पंधरा दिवसांनी टायर आले तर त्यावर ट्रकला चढवतात तसला कडक थर, खोल खाचांचा. नख दाबलं तर नखच दुमडलं. मी विचारलं हे काय केलंत. तो म्हणाला, मऊ लवकर झिजलं असतं, तुमचंच नुकसान झालं असतं.

मी दुकानाबाहेरच्या दगडावर बसले. रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती. सगळ्या शहराला माझ्या भल्याची काळजी लागली होती आणि मी काय मागते आहे ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

तोवर शर्यत दोन आठवड्यांवर आली होती. मी मिस्त्रीजींकडे जाऊन सांगितलं की आता टॅक्सीचेच टायर घालू, दुसरं काही मिळत नाही. ते विडी विझवत म्हणाले, नाहीतर धाकट्या ठाकूरसाहेबांचे ते विलायती टायर होते, पण ते काय कामाचे, निम्मे घासलेले.

मी विचारलं, कसले टायर?

ते सांगू लागले. ठाकूरसाहेबांनी गाडीबरोबर दोन जादा टायर आणले होते. रुंद, बुटके, आणि मेणासारखे मऊ. तिकडे शर्यतीत वापरलेले. ठिकाण्याच्या तळघरात गोणपाटात गुंडाळून ठेवलेले आहेत, मिस्त्रीजींनी स्वतःच ठेवले होते.

"मिस्त्रीजी, मी चार महिने टायर शोधतेय. तुम्ही बोलला का नाहीत?"

"बाईसा, तुम्ही नवे टायर म्हणालात," ते म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय. चांगल्या घरच्या बाईला घासलेले टायर दाखवायचे कसे, हा त्यांचा संकोच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठिकाण्यावर गेलो. ठाकूरसाहेब स्वतः दिल्लीला राहत. त्यांच्या कारभाऱ्याने तळघर उघडलं. तिथे अंधार होता आणि बाहेरच्यापेक्षा कितीतरी गारवा. ऊन न लागल्यामुळे रबर शाबूत होतं. मी गोणपाट बाजूला करून नख दाबलं तर नखाची खूण उमटली आणि हळूहळू भरून आली. मी तिथेच उकिडवी बसून दोन्ही टायर सगळीकडून बघितले. कारभाऱ्याने ते असेच देऊन टाकले, जागा मोकळी होते म्हणून.

पत्र्याच्या दोन चाकांवर ते टायर चढले. मग हवेचा प्रश्न. मी टायर ओले करून गाडी अंगणातल्या फरशीवरून ढकलायला लावायची आणि फरशीवर उमटलेला ओला ठसा बघायची. हवा जास्त असली की ठसा अरुंद, मधल्यामध्ये. थोडी कमी केली की तो कडांपर्यंत पसरायचा. फारच कमी केली की मध्ये पोकळ. असं करत करत मला हवा तो ठसा मिळाला. ह्यांनी त्या दोन दिवसांत किती वेळा गाडी ढकलली असेल. तक्रार केली नाही.

आग्रा रस्त्यावर पुन्हा गेलो. क्लच सोडला आणि गाडीने मला मागे सीटवर दाबून धरलं. चाकं फिरली नाहीत, आवाज आला नाही, वास आला नाही. शेजारी बसलेल्या ह्यांचा चष्मा कपाळावर सरकला. त्या सबंध काळात मी मनापासून खूश होते ती एवढी एकच सकाळ.

शर्यतीच्या दिवशी धावपट्टीवर शामियाना उभारला होता आणि सकाळपासून लोक जमले होते. टेबलापाशी एक निवृत्त फौजी अधिकारी कागद तपासत होते. त्यांनी आमचा अर्ज काढला आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, आपण चालवणार.

मी म्हणाले, मी चालवणार.

त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. चालकाच्या नावापुढे ह्यांचं नाव होतं, ह्यांच्याच सुबक अक्षरात. गाडीचे कागद ह्यांच्या नावावर म्हणून अर्ज ह्यांनी भरला होता, आणि दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहून टाकलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा पडला होता. मुद्दाम केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. विचारच केला नव्हता.

अधिकारी सभ्य होते. आयत्या वेळी चालक बदलता येत नाही, नियम आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी वाद घातला. माझ्याकडे लायसन्स होतं, तेही दाखवलं. ते म्हणाले की बाईंची इच्छा असेल तर झेंडा दाखवण्याचा मान त्यांना देता येईल. मागे कुणीतरी हसलं.

हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपण परत जाऊ. चूक माझी आहे. तुझ्याशिवाय ही गाडी धावायला नको."

मी विचार केला. जास्त वेळ नाही, दोन-तीन मिनिटं असेल. चार महिने मी ज्याच्यामागे धावले ते बरोबर होतं की नाही, हे बघितल्याशिवाय घरी जाणं मला जमणार नव्हतं. मी म्हणाले, "बसा गाडीत."

त्यांना मी खिडकीतून सगळं समजावलं. इंजिन किती वाढवायचं, क्लच कसा सोडायचा, पहिल्या झटक्याला घाबरून पाय काढायचा नाही. ते शाळेतल्या मुलासारखी मान हलवत होते.

पहिल्या फेरीत शेजारी एक लांबलचक अमेरिकन गाडी होती, आमच्या दुप्पट इंजिनाची. झेंडा पडला आणि तिची चाकं धूर काढत जागेवर फिरू लागली. आमची गाडी तीरासारखी सुटली. ती मागून गुरगुरत आली, पण तोवर रेघ ओलांडून झाली होती. शामियान्यात टाळ्या वाजल्या. लोक ह्यांच्याभोवती जमले, कुणी पाठ थोपटली, कुणी विचारलं कुठले टायर, कुणाकडून घेतले. हे सगळ्यांना सांगत होते की टायर हिने निवडले, हिला विचारा. ऐकणारे माझ्याकडे बघून नम्रपणे हसायचे आणि पुढचा प्रश्न ह्यांनाच विचारायचे.

दुसऱ्या फेरीला ह्यांचा हुरूप वाढला होता. झेंडा पडला, गाडी एक हात पुढे उडाली आणि मागून लोखंड तुटल्याचा आवाज आला. इंजिन किंचाळत राहिलं, गाडी उभी. मी धावत गेले. खाली वाकायचीही गरज नव्हती, मला आवाजावरूनच कळलं होतं. मागचा ॲक्सल तुटला होता.

बघायला आलेल्या सगळ्यांचं एकमत झालं की ह्यांनी क्लच फार झटक्याने सोडला. एक तरुण ठाकूर ह्यांना तो कसा सोडायचा ते हात हलवून शिकवायला लागला. हे ऐकून घेत होते. हो, घाई झाली माझी, म्हणत होते.

गाडी ट्रकला बांधून परत आणली. आम्ही ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. अर्ध्या रस्त्यात मी ह्यांना सांगितलं, "तुमची चूक नव्हती. क्लच तुम्ही बरोबर सोडला होता."

"मग तुटला कशाने?"

"टायरांनी. चाक फिरत होतं तोवर जोर तिथे निघून जात होता. मी ते फिरणं बंद केलं, मग तो सगळा जोर ॲक्सलवर आला. तो इतका जाड नव्हता. मी फक्त चाकांचा विचार केला, त्यांना धरून ठेवणाऱ्या दांड्याचा केलाच नाही."

ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "हे तिथे का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं का?"

नंतर मला ते बोलणं टोचत राहिलं. मला विचारत नाहीत म्हणून मी चिडले होते, आणि दोष घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच गोष्टीच्या आड उभी राहिले. ह्यांनी तो दोष अंगावर घेतला होता, टाळ्या घेतल्या नव्हत्या. पण अर्जातलं ते नाव मी विसरू शकले नाही, आणि दोन्ही गोष्टी मनात एकाच वेळी राहिल्या.

नवा ॲक्सल लेथवर करून घ्यायला सहा महिने लागले. मिस्त्रीजींनी या वेळी जाड आणि चांगल्या पोलादाचा करवून घेतला. पुढच्या हिवाळ्यात शर्यत भरली नाही. धावपट्टी फौजेने परत ताब्यात घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी लढाईचं वातावरण होतं, पेट्रोल जपून वापरायचे दिवस, कुणाला शर्यत सुचणार. आणि मग ह्यांच्या बदलीचा हुकूम आला. नागपूर. गाडी नेणं परवडण्यासारखं नव्हतं, गिऱ्हाईकही ठरलं.

ती द्यायच्या दिवशी उजाडता उजाडता हे म्हणाले, चल. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी स्टॉपवॉच मागून आणलं होतं. आग्रा रस्त्यावर त्यांनी पावलांनी आणि फर्लांगाच्या दगडांवरून पाव मैल मोजला, दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या, आणि पलीकडच्या रेघेवर जाऊन उभे राहिले. त्यांनी रुमाल खाली केला की मी सुटायचं, असं ठरलं.

रुमाल खाली आला. मी सुटले. मला आठवतं ते एवढंच, की पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना गाडी जराही हलली नाही, आणि नंतर रस्ता एकदम संपला. मी ब्रेक मारून, वळवून त्यांच्याजवळ आले.

हे घड्याळाकडे बघत उभे होते. काटा शून्यावर होता. रुमाल खाली करण्याच्या नादात बटण दाबायचं राहून गेलं होतं.

पुन्हा करू, ते म्हणाले. पण तोवर जयपूरकडे भाजी घेऊन निघालेल्या उंटगाड्यांची रांग रस्त्यावर आली होती. आम्ही कडेला थांबलो. एक गाडी गेली की दुसरी दिसायची. ऊन वर आलं. नऊला गिऱ्हाईक घरी येणार होतं. मी इंजिन चालू केलं आणि त्यांनी दार लावून घेतल्यावर गाडी शहराकडे वळवली.